रमतगमत

संध्याकाळी एखादा सद्गृहस्थ फिरावयास निघाला आणि वाटेत कोणी ‘कुठे निघालात?’ असे विचारले, तर ‘कुठेच नाही’ असे सरळ उत्तर देण्यास तो कचरतो. ‘वैद्यांनी सांगितले आहे’, ‘जरा स्टेशनापर्यंत’, असे काही तरी कारण तो पुढे करतो. निष्कारण चालणे हा अपराध आहे काय?

अशा चालण्यास इंग्रजीत ‘सॉन्टर’ असे क्रियापद आहे. अमेरिकन ग्रंथकार थोरो याच्या १८६२ साली प्रसिद्ध झालेल्या चालण्यावरील निबंधात त्याच्या दोन व्युत्पत्ती आढळतात. पहिली फ्रेंच ‘सँत तेर’, म्हणजे पवित्र भूमी. तिकडे जात असल्याचे सांगून भिक्षा मागत हिंडणाऱ्यांना मुले त्याच नावाने ओळखीत. दुसरी ‘साँ तेर’, म्हणजे भूमिहीन. ज्यास घर नाही, म्हणून सर्वत्रच घर आहे, असा. कोशकार यांतील एकही निश्चित मानीत नाहीत. पंधराव्या शतकातील एका सदृश शब्दाचा अर्थ ‘चिंतनात गढणे’ असा आहे; सावकाश चालण्याचा अर्थ सतराव्या शतकात दिसतो. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये म्हणतात. शब्दाच्या बाबतीतही प्रसंगी तेच खरे.

थोरोने पसंत केली ती पहिली व्युत्पत्ती. म्हणजे भटकण्याला त्यासही तीर्थाचा आधार घ्यावासा वाटला! पण तीर्थाला जाणाऱ्याचे चालणे तरी केवळ पोहोचण्यासाठी असते काय? आमच्या खानदेशात मुक्ताईनगराहून मुक्ताबाईंची पालखी आषाढी वारीस पंढरपुरी निघते. मोटार लवकर पोहोचविते हे वारकऱ्यास ठाऊक नसते असे नाही. तरी तो चालतो, कारण वाट हीच त्याची अर्धी वारी होय.

दुसऱ्या व्युत्पत्तीत मात्र एक काटा आहे. जळगाव-धुळ्याकडून ऊसतोडणीस बिऱ्हाड घेऊन निघणाऱ्या भूमिहीन कुटुंबास ‘तुम्हांस सर्वत्र घर आहे’ असे कोण म्हणेल? घरी चूल पेटलेली असते, म्हणूनच आम्हांस भटकण्यात गोडी वाटते. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती लिहून घेतली. फलाची आसक्ती सोडण्याचा अर्थ तेथे सांगणारे तेच विनोबा १९५१ पासून सुमारे तेरा वर्षे देशभर पायी हिंडले, ते भूमिहीनांस भूमी मिळावी म्हणून. ते रेंगाळणे नव्हते. पण गावोगाव थांबून माणसांस भेटल्यावाचून ते कार्य होण्यासारखेही नव्हते.

मराठीत या क्रियापदास जवळचा शब्द ‘रमतगमत’. ‘मला येथे गमत नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा मन लागत नाही, असा अर्थ होतो. रमतगमत जाणारा तो, ज्याचे मन वाटेवर लागले आहे. तीर्थाची सबब त्याला नको. मात्र वाटेवर मन लागले, तर वाटेवरची माणसेही दिसलीच पाहिजेत. समोरून डोक्यावर बिऱ्हाड घेऊन येणाऱ्याकडे पाहूनही ज्याची नजर कोरडीच राहते, तो कितीही सावकाश चालो, रमतगमत चालत नाही; नुसता वेळ घालवितो.