मुलाच्या वजनाचा भार कोणी वाहावा?



पुष्कळ वर्षे मी शिक्षकाचे काम केले. त्या काळातील एक प्रसंग आजही मनाला टोचतो, आणि प्रस्तुत लेखाचा विषय त्यातूनच निघाला असल्यामुळे तो प्रथम सांगतो.

शाळेत वार्षिक वैद्यकीय तपासणी चालू होती. माझ्या सहावीच्या वर्गातील मुले एकामागून एक वजनकाट्यावर चढत होती व मी त्यांच्या वजनाचे आकडे मोठ्याने उच्चारून वहीत नोंदवीत होतो. एका मुलाचा आकडा मी उच्चारला आणि सारा वर्ग हसला. मीही हसलो. "जरा कमी खात जा," असा उपदेशही मी सर्वांच्या देखत केला. त्या दिवसापासून तो मुलगा खेळाच्या तासाला पोट दुखते असे सांगून वर्गातच बसू लागला. मुलगा आळशी आहे, असे मी तेव्हा मानले.

पुढे केव्हातरी मी स्वतःलाच विचारले, त्या मुलाच्या वजनात माझा वाटा किती? आठवड्यातून खेळाचे दोन तास असत. परीक्षा जवळ आली की त्यांतील एक मी गणितासाठी मागून घेत असे. चांगले गुण मिळविणाऱ्यास मी बक्षीस म्हणून चॉकलेट देत असे. शाळेच्या फाटकाबाहेर तळलेले पदार्थ व रंगीत सरबते विकली जात, त्याविषयी मी कधी चकार शब्द काढला नाही. इतके करून दोष मात्र मी एका अकरा वर्षांच्या मुलाच्या पदरात टाकला.

वाचकहो, आपल्यापुढील नैतिक प्रश्न हाच आहे. मुलाचे शरीर स्थूल झाले, तर उत्तरदायी कोण?

ज्याला निवड करता येते त्यालाच दोष देता येतो, हे नीतीचे साधे तत्त्व आहे. घरात काय शिजेल हे मूल ठरवीत नाही. शाळेच्या वेळापत्रकात खेळाला किती जागा असावी, वस्तीतील मोकळ्या जागेत मुले धावतील की मोटारी उभ्या राहतील, हेही ते ठरवीत नाही. अंगाची ठेवण काही अंशी आईबापांकडून येते, तीही त्याने मागून घेतलेली नसते. हे सारे मोठ्यांच्या हातातले. मग फळ तेवढे मुलाचे, हा कोणता न्याय?

हा प्रश्न केवळ श्रीमंत देशांचा आहे, असा समज आता सोडून द्यावा लागेल. २०२४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार भारतात ५ ते १९ वर्षे वयाची स्थूल मुले १९९० मध्ये सुमारे ४ लाख होती. २०२२ मध्ये ती सुमारे १ कोटी २५ लाख झाली. त्याच भारतात, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे, पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. अर्धपोटी मुलांच्या देशात लठ्ठ मुलांची चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु ही दोन दुःखे परस्परांची वैरी नाहीत. पोट भरते पण शरीराचे पोषण होत नाही, असे स्वस्त अन्न दोन्हीकडे आपला हात फिरवीत असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुलाने काय खावे हा आईबापांचा अधिकार. त्यात शाळेने वा समाजाने का पडावे? हा अधिकार मी मानतो. पण आईने पोळी-भाजीचा डबा भरून दिला आणि मधल्या सुट्टीत शाळेच्याच उपाहारगृहात तेलकट व गोड पदार्थांची रेलचेल असली, तर त्या आईचा अधिकार कोणी हिरावला? घराला साथ देणारी शाळा ही आईबापांच्या अधिकारावरील अतिक्रमण नसून त्याचे रक्षण होय.

तथापि एकटी शाळाही पुरी पडत नाही. उत्तर फ्रान्समधील फ्लेर्बे व लाव्हांती या दोन छोट्या गावांत १९९२ पासून शाळांतून मुलांना आहाराचे शिक्षण देण्यास आरंभ झाला. मुलांचे ज्ञान वाढले, परंतु पहिली काही वर्षे अधिक वजनाच्या मुलांचे प्रमाणही वाढतच गेले. पुढे गावे स्वतः कामाला लागली. खेळाच्या सोयी झाल्या, क्रीडाशिक्षक नेमले गेले, मुलांनी पायी शाळेत जाण्याचे दिवस ठरले. डॉक्टर, दुकानदार व स्थानिक संस्था यांनी हातभार लावला. २००४ मध्ये तेथे अधिक वजनाच्या मुलांचे प्रमाण ८.८ टक्के होते. तुलनेसाठी घेतलेल्या त्याच भागातील गावांत ते १७.८ टक्के होते. याचे सारे श्रेय एकाच उपायाला देता येणार नाही. परंतु मुलांना सांगून जे साधले नाही, ते मोठे बदलल्यावर साधू लागले, एवढे त्यातून निश्चित दिसते.

आपल्याकडेही नियम झाले आहेत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी शाळेच्या आवारात व फाटकापासून ५० मीटरच्या आत अति चरबी, मीठ वा साखर असलेल्या पदार्थांच्या विक्रीस मनाई केली. २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले. परंतु नियम कागदावर असतो आणि पन्नास मीटर रस्त्यावर मोजावे लागतात. ते मोजायला कोण जाणार? जी जबाबदारी सर्वांची असते ती बहुधा कोणीच उचलीत नाही.

म्हणून प्रत्येकाने आपला वाटा नेमका ओळखावा. आपण शिक्षक असाल, तर खेळाचा तास कोणाला देऊ नका व कोणाकडून घेऊ नका. आणि मुलाचे वजन केवळ त्याच्या पालकांना, एकांतात सांगा. पालक असाल, तर गुबगुबीत मूल म्हणजे खात्यापित्या घरचे लक्षण, हा अभिमान सोडा. रविवारच्या शाळेत शिकवीत असाल, तर पाठांतराचे बक्षीस गोळीऐवजी पेन्सिलीचे असू द्या. आपल्या मंडळीचे आवार सायंकाळी कुलूपबंद राहत असेल, तर ते वस्तीतील मुलांना खेळण्यास उघडे करा. फाटकाबाहेरच्या गाडीवाल्यालाही हुसकावू नका, त्यालाही घर आहे. शेंगदाणे, चणे, केळी यांचे गिऱ्हाईक त्याला मिळवून द्या.

आणि काहीही करताना मुलाला लाज वाटू देऊ नका. लाजेने मूल सडपातळ होत नाही. ते लपून खाऊ लागते व मैदानापासून दूर जाते. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

तो मुलगा आता प्रौढ झाला असेल. त्याची क्षमा मागण्याची वेळ माझ्या हातून निघून गेली. आपल्या वर्गात, आपल्या गल्लीत, कदाचित आपल्याच घरात असे एखादे मूल आज असेल. त्याच्याकडे पाहून काही बोलण्यापूर्वी क्षणभर थांबा, आणि त्याच्या खांद्यावरील या भारातील आपला वाटा किती, हे आधी आपल्या अंतःकरणाला विचारा.