दोरीवरचे लंगोट

आषाढात घरात तान्हे मूल असले म्हणजे घराला छत उरत नाही. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोऱ्या, आणि दोऱ्यांवर लंगोट, दुपटी, झबली. माझ्या लहानपणी आजी शेगडीवर वेताची टोपली उपडी घालायची आणि तिच्यावर ओले कपडे पसरायची. कोळशाचा आणि ओव्याच्या धुरीचा मिळून एक वास साऱ्या घरभर असायचा. माझी मुलगी झाली तेव्हा तो वास मला आठवला आणि आपले मूलही असेच वाढवायचे असे मी ठरवून टाकले. आईच्या जुन्या सुती साड्या फाडून लंगोट शिवले. वापरून फेकायचे डायपर घरात आणायचे नाहीत, प्लास्टिकची खेळणी नकोत, डब्यातले खाणे नको. पृथ्वीवर कमीत कमी भार टाकून मूल वाढवावे, हा विचार मला केवळ आवडीचा नव्हे तर नीतीचा वाटत होता. पण मध्यंतरी एका साध्या प्रश्नाने त्याचा पाया हलला. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे सुचले ते येथे मांडते आहे.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात शिकवते. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा संपली आणि सकाळी साडेसातला घर सोडणे पुन्हा सुरू झाले. दिवसाला पंधरा-वीस लंगोट पडत. यजमान आणि मी मिळून पहिले काही दिवस रात्री ते धुतले. मग धुणेभांडी करणाऱ्या मावशींना विचारले, त्यांनी होकार दिला, पगारात थोडी वाढ केली आणि प्रश्न मिटला. निदान मला तसे वाटले. आमच्या गॅलरीतली लंगोटांची पांढरी रांग पाहून शेजारच्या बायका कौतुक करीत. "नोकरी सांभाळून कसे ग जमते तुला?" असे कोणी विचारले की मी हसून म्हणत असे, "मनात असले की जमते!"

एके दिवशी मावशी कामाला आल्या त्या हातात एक पिशवी घेऊन. पिशवीतून डायपरचा पुडा डोकावत होता. त्यांच्या सुनेला मुलगा होऊन तीन महिने झाले होते. मी माझ्या सवयीप्रमाणे सांगायला लागले : "मावशी, हे कशाला घेता? सगळे प्लास्टिक असते त्यात. बाळाच्या अंगालाही बरे नाही, आणि मातीतही कुजत नाही."

मावशींनी भांडे विसळता विसळता माझ्याकडे पाहिले. आवाजात राग नव्हता. म्हणाल्या, "ताई, तुमच्या छकुलीचे लंगोट मी धुते. माझ्या नातवाचे कोण धुणार? मी सहाला निघते, सून सातला निघते. बाळ शेजारणीकडे असते. ती सांभाळते हेच पुष्कळ. नळाला पाणी येते तासभर, त्यात प्यायचे भरू का हे धुऊ?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्यांची सून एका लहानशा दुकानात कामाला होती आणि दीड महिन्यातच कामावर परत गेली होती. ज्या कायद्याने २०१७च्या दुरुस्तीनंतर मला २६ आठवडे दिले, तो दहा किंवा अधिक माणसे कामाला असणाऱ्या ठिकाणांसाठी होता. तिचे दुकान त्यात बसत नव्हते, आणि चार घरची धुणीभांडी करणाऱ्या तिच्या सासूचा तर प्रश्नच नव्हता. मनात असले की जमते, हे माझे वाक्य मला त्या दिवशी प्रथम बोचले. मनात त्यांच्याही होते. जमले मला, कारण माझ्या मनातले मावशींच्या हातांनी होत होते.

आपण ज्याला मूल वाढवण्याची 'नैसर्गिक' रीत म्हणतो, तिच्यात निसर्ग किती आणि माणसाचे श्रम किती, हे एकदा नीट पाहिले पाहिजे. कापूस निसर्गाचा आहे, ऊन निसर्गाचे आहे. पण मळलेला लंगोट निसर्ग धूत नाही. आजीच्या घरची ती शेगडी आणि तो ओव्याचा वास मला आठवतो. जरा ताण दिला की आणखी एक गोष्ट आठवते. आजीची एक विधवा नणंद त्या घरात राही. आम्ही तिला आत्याआजी म्हणत असू. पहाटे विहिरीवर साऱ्या घरचे धुणे तीच धूत असे, आणि घरातल्या प्रत्येक बाळाचे लंगोट तिच्या हातांखालून गेले होते. तिला पगार नव्हता, रजा नव्हती, आणि नको म्हणण्याची सोय नव्हती. आमच्या घरची साधी, काटकसरीची, काही वाया न घालवणारी राहणी तिच्या पाठीवर उभी होती. आज आपण त्या राहणीची आठवण काढतो तेव्हा लाकडी पाळणा आठवतो, पितळी वाटी आठवते. आत्याआजीचे पाण्याने पांढरे पडलेले, भेगाळलेले हात आठवत नाहीत.

कोणी म्हणेल, हा भावनेचा प्रश्न झाला. हिशेब काय सांगतो? हिशेबही झालेले आहेत. ब्रिटनच्या सरकारी पर्यावरण खात्याने २००८ साली असा एक हिशेब प्रसिद्ध केला. एक मूल अडीच वर्षे डायपरवर वाढवले तर सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार हवेवर पडतो, आणि कापडी लंगोटांवर वाढवले तर सरासरी ५७० किलो, असे त्यात निघाले. म्हणजे कापड जिंकले नाही. परंतु लंगोट दोरीवर वाळवले, यंत्र पूर्ण भरून चालवले आणि तेच लंगोट दुसऱ्या मुलाला वापरले, तर कापडाचा भार २०० किलोंनी उतरतो, हेही त्यांनी दाखवले. पुढे २०२३मध्ये तेथे नव्याने हिशेब झाला, त्यात कापडाचा भार डायपरपेक्षा साधारण चतुर्थांशाने कमी भरला. आपल्याकडे तर दोरी आणि ऊन ही घरोघरची गोष्ट. तेव्हा पृथ्वीच्या बाजूने पाहिले तर आजीची रीत बरी, एवढे म्हणता येईल. पण या हिशेबांत वीज मोजली आहे, पाणी मोजले आहे, कापूस मोजला आहे. लंगोट पिळणारे मनगट कोणत्याच रकान्यात नाही. हिशेब करणाऱ्यांची ती चूक नव्हे, त्यांचा प्रश्नच वेगळा होता. चूक आपली, की त्या हिशेबाला आपण नीतीचा पूर्ण हिशेब मानतो.

बरे, मावशींचे श्रम वाचवावेत म्हणून मी डायपर आणले, तर ते कोठे जातात? लाकडाचा लगदा, पाणी शोषणारी भुकटी आणि प्लास्टिकचा पापुद्रा यांची ती घडी सकाळी कचऱ्याच्या बादलीत पडते. पुण्यात दारोदार कचरा घ्यायला येतात त्यांत 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत १९९३ साली उभी राहिली, तिच्यातून ही संस्था निघाली आणि २००८पासून महापालिकेशी करार करून काम करू लागली. ओला आणि सुका कचरा हातांनी वेगळा करताना मळलेले डायपर आणि पॅड या स्त्रियांच्या हाताला लागत. २०१३ साली त्यांनी वापरलेले पॅड ते बनवणाऱ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांत परत पाठवून आपले गाऱ्हाणे मांडले. २०१६च्या घनकचरा नियमांत अशा वस्तूंबरोबर त्या गुंडाळून टाकण्यासाठी पिशवी किंवा वेष्टन देण्याची जबाबदारी उत्पादकांवर आली. वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे आत काय आहे ते न उघडता कळेल, अशी विनंती पुण्यातल्या नागरिकांना केली गेली. किती साधे मागणे! आणि तेवढेही ज्या घरांत पाळले जात नाही, त्या घरांत मुलांना निसर्गाचे धडे मात्र चित्रांच्या सुंदर पुस्तकांतून मिळत असतात.

म्हणजे माझ्यापुढची निवड कापड आणि प्लास्टिक यांच्यातली आहे असे मी समजत होते, ती वस्तुतः दोन स्त्रियांमधली होती. लंगोट धुणारी एक आणि डायपर उचलणारी दुसरी. माझ्या मुलीच्या शरीरधर्माचा भार दोघींपैकी कोणीतरी उचलायचा, आणि मी त्यातून निवडून आपली सदसद्विवेकबुद्धी स्वच्छ ठेवायची.

येथे रूसोची आठवण झाल्यावाचून राहत नाही. नैसर्गिक बालसंगोपनाचा युरोपातला मोठा पुरस्कर्ता तो. १७६२ साली प्रसिद्ध झालेल्या 'एमिल'मध्ये त्याने मातांना सांगितले, की मुलांना स्वतः दूध पाजा, दाईच्या हवाली करू नका, त्यांना कापडात घट्ट आवळून बांधू नका. त्याचे म्हणणे खरे होते आणि पुष्कळ घरांनी ते ऐकले. पण रूसोला स्वतःला थेरेज लव्हास्यूरपासून झालेली पाचही मुले जन्मताच अनाथालयात पोचवली गेली. ही कबुली त्याने आपल्या आत्मचरित्रात स्वतःच दिली आहे. ही थेरेज पॅरिसमधल्या ज्या खानावळवजा घरात त्याला भेटली, तेथे ती कपडे धुण्याचे काम करीत होती. रूसोला ढोंगी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला त्यात वेगळेच काही दिसते. मूल निसर्गाच्या कुशीत वाढावे असे लिहायला वेळ मिळाला तो पुरुषाला, आणि ज्या स्त्रीची ती मुले होती तिला काय वाटले ते तिने कोठे लिहिलेले नाही. मूल कसे वाढवावे हे सांगणारा आणि मूल प्रत्यक्ष वाढवणारी यांच्यातले हे अंतर आजही मिटलेले नाही. फरक इतकाच, की आज माझ्यासारख्या शिकलेल्या स्त्रियाही सांगणाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसल्या आहेत.

माझ्या एका मैत्रिणीला हे सारे पटले नाही. ती म्हणाली, "तू लंगोट देणे बंद केलेस तर मावशींचे पैसे जातील. त्यांना कष्ट नकोत की काम नको?" आक्षेप बिनतोड आहे. मोल घेऊन काम करण्यात कमीपणा नाही आणि मोल देऊन करवून घेण्यात पाप नाही. पण मी मावशींना दिली ती पगारवाढ आणि स्वतःकडे ठेवले ते पुण्य. कौतुक माझे झाले, 'मनात असले की जमते' हा उपदेश मी केला, आणि वर त्यांच्या नातवाच्या डायपरबद्दल त्यांनाच दोष दिला. श्रम विकत मिळतात. त्या श्रमांतून आलेला नैतिक मोठेपणा विकत घेता येत नाही.

मग करायचे काय? याचे उत्तर मला एका जुन्या कामात थोडेसे सापडले. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. आदिवासी मुलांसाठी माँटेसरीची महागडी साधने आणणे शक्य नव्हते, म्हणून शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने झाली. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर गेली. हे निसर्गशिक्षण कोणाच्या हौसेचे नव्हते, जवळ होते त्याचे होते. पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते असे, की मोठ्या मुली शाळेत येत नव्हत्या, कारण आईबाप कामावर गेल्यावर धाकटी भावंडे त्यांच्याच कडेवर असत. तेव्हा तेथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली गेली. त्या बायांनी आयांना दोष दिला नाही. तान्ह्याचा भार कोणाच्या कडेवर आहे हे त्यांनी आधी पाहिले आणि तो उतरवण्याची सोय केली. शिंपले आणि बिया त्यानंतर कामाला आल्या.

या विचारानंतर आमच्या घरी फार मोठी क्रांती झाली असे नाही. लंगोट मावशींकडून काढून घेतले, पगार तेवढाच ठेवला. दिवसाचे लंगोट यजमान आणि मी पाळीपाळीने धुऊ लागलो. रात्रीपुरता एक डायपर घरात आला, आणि तो कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचे काम पुढे मुलगीच हौसेने करी. आता ती चार वर्षांची आहे. आपला रुमाल आणि मोजे मोरीत बसून धुते; साबण जास्त वाया घालवते, पण धुते. लाकडी खेळण्यांपेक्षा यातून तिला निसर्ग अधिक कळेल अशी माझी आशा आहे. घाण आपली असते, ती कोठेतरी जाते, आणि जेथे जाते तेथे कोणीतरी माणूस उभे असते, एवढे तिला कळले तरी पुरे.

मावशींच्या नातवाचा प्रश्न मात्र सुटला नाही. त्यांच्या वस्तीत पाळणाघर झाले नाही, नळाचे पाणीही वाढले नाही. तो डायपरमध्येच वाढला आणि चांगला हसरा, धडधाकट आहे. माझ्या मुलीबरोबर आमच्या गॅलरीत कधीकधी खेळतो. त्यांना खेळताना पाहिले की मनात येते, जी गोष्ट मला परवडते आणि माझे घर आवरणाऱ्या बाईला परवडत नाही, तिला मी तत्त्व म्हणू नये. ती दोघींनाही परवडेल अशी व्यवस्था होईपर्यंत ती माझी आवड आहे, आणि आवडीचा उपदेश करायचा नसतो.