स्किनरच्या नावानं शिमगा

२०२३ मध्ये युनेस्कोनं शाळांतल्या तंत्रज्ञानावर अहवाल काढला आणि वर्गात मोबाइल असावा की नसावा या जुन्या भांडणाला नवं सरपण मिळालं. या भांडणात विरोधकांचं एक ठेवणीतलं हत्यार आहे. ऑनलाइन प्रश्नमंजूषांचा विषय निघाला, की कुणीतरी विद्वान उठतो आणि सांगतो: ही मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरची पेटीच, कबुतराच्या जागी पोर बसवलंय आणि दाण्याच्या जागी गुण. टाळ्या पडतात. दुसऱ्या महायुद्धात कबुतरांना क्षेपणास्त्रं लक्ष्यावर न्यायचं प्रशिक्षण देणाऱ्या माणसाच्या नावानं शिमगा करणं तसं सोपंच. अडचण एवढीच, की शिकवण्याच्या यंत्रांबद्दल त्यानं काय लिहून ठेवलंय ते वाचलं, तर या खेळांचा पहिला विरोधक तोच निघतो.

सगळ्यांना माहीत असलेला खेळ म्हणजे कहूट. नॉर्वेतल्या त्रोन्हाइमच्या विद्यापीठात आल्फ इंगे वांग यांनी केलेल्या संशोधनातून तो उभा राहिला आणि २०१३ मध्ये लोकांपुढे आला. पडद्यावर प्रश्न, खाली चार रंगीत चौकटी, मागे संगीत, वर धावतं घड्याळ. उत्तर बरोबर असून भागत नाही, ते लवकर द्यावं लागतं. वीस सेकंदांच्या प्रश्नाला पटकन बोट दाबणाऱ्याला हजाराच्या आसपास गुण, शेवटच्या क्षणी दाबणाऱ्याला पाचशेच्या आसपास. म्हणजे दहा सेकंद विचार करून बरोबर उत्तर देणारी मुलगी अडीचशे गुणांना मुकते. रेंज कमी असलेला मोबाइल हातात असेल, तर विचार न करताही मुकते.

स्किनरचं म्हणणं याच्या नेमकं उलट होतं. १९५३ मध्ये तो मुलीच्या शाळेत गणिताचा तास बघायला गेला आणि वैतागून परतला. गणित लवकर सुटलेली मुलं रिकामी बसलेली, न सुटलेली घाम गाळतायत, आणि आपलं बरोबर की चूक हे कुणालाच तेव्हाच्या तेव्हा कळत नाही. त्यातून जे यंत्र त्यानं बांधलं त्यात शर्यत नव्हती. मुलानं उत्तर कागदावर स्वतः लिहायचं आणि दांडा सरकवायचा. लिहिलेलं काचेखाली जाणार, आता खाडाखोड नाही. शेजारी बरोबर उत्तर दिसणार. ज्यानं त्यानं आपापल्या चालीनं पुढं जायचं. पर्याय दिलेले प्रश्न त्याला मंजूर नव्हते. १९५८ च्या लेखात त्याची हरकत स्पष्ट आहे: मुलानं उत्तर आठवून घडवायला हवं, समोर ठेवलेलं ओळखायला नव्हे. शिवाय चांगला बहुपर्यायी प्रश्न म्हणजे खरी वाटणारी तीन खोटी उत्तरं, आणि ती आपणच मुलाच्या डोक्यात घालतो.

पर्याय निवडायचं चार कळांचं यंत्र स्किनरच्या तीस वर्षं आधी ओहायोच्या सिडनी प्रेसीनं केलं होतं. ठरावीक उत्तरं बरोबर आली की त्यातून गोळी पडायची सोयही होती, खायची गोड गोळी. शिमगाच करायचा, तर तो प्रेसीच्या दारात करावा.

स्किनरची पर्यायांवरची हरकत महाराष्ट्राला तर घरची वाटावी. शिष्यवृत्तीच्या परीक्षेपासून मुलं वर्तुळं काळी करतायत. एमएचटी-सीईटीला चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून क्लासमध्ये पहिला धडा असतो तो ‘काही सोडून येऊ नका’ हा. दुसरा, ऑप्शन कसे उडवायचे. अशा मुलांना खेळातही तेच दिलं, तर नवं काय दिलं?

इथवर स्किनर जिंकतो. पण त्याच्यानंतरही लोकांनी प्रयोग केले, आणि ते त्याच्या भक्तांना अवघड जातात. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि मार्श यांनी २००५ मध्ये दाखवलं, की बहुपर्यायी चाचणीनं आठवण पक्की होते, आणि फसवे पर्यायही डोक्यात राहतात. स्किनरची भीती खरीच होती. मात्र २००८ मध्ये बटलर आणि रोडिगर यांना आढळलं, की चाचणीनंतर बरोबर उत्तर सांगितलं तर हे नुकसान बरंच घटतं आणि फायदा वाढतो. म्हणजे दोष चार पर्यायांचा कमी, उत्तरानंतर काय घडतं त्याचा जास्त.

सहावीचा वर्ग घ्या. प्रश्न: ०.४५ आणि ०.६ यांतली मोठी संख्या कोणती? पंचेचाळीस सहापेक्षा मोठे, म्हणून अर्धा वर्ग ०.४५ वर बोट ठेवतो. प्रत्येक प्रश्नानंतर कहूट कोणत्या पर्यायाला किती मतं पडली त्याचे उभे खांब दाखवतं. अख्ख्या खेळातली ही सर्वांत मोलाची चीज. कुणाचंही नाव न घेता वर्गाचा गैरसमज फळ्यावर आला. हार्वर्डमध्ये एरिक मॅझर नव्वदच्या दशकापासून भौतिकशास्त्र शिकवताना नेमकं इथं थांबायचे: आधी एकट्यानं मत द्या, मग शेजाऱ्याला पटवा, मग पुन्हा मत द्या. दुसऱ्या फेरीत बरोबर उत्तरं वाढायची. कहूटमध्ये मात्र खांबांमागोमाग गुणतक्ता येतो, वर्ग ओरडायला लागतो, आणि ०.४५ वाली मुलं कशी फसली हा विषय तिथंच संपतो.

खेळाचे वकील ‘मुलं कशी रमतात बघा’ म्हणतात. रमतात, खरंच रमतात. वांग यांनी स्वतः तपासलं, की सत्रभर वापरल्यावर हे रमणं टिकतं का. वर्गातली जान थोडी ओसरली, तरी उत्साह बराच टिकला. २०२० मध्ये त्यांनी रबाइल ताहिर यांच्यासोबत कहूटवरचे ९३ अभ्यास चाळले, तेव्हा बहुतेकांत शिकण्याला फायदा दिसला, आणि घड्याळाचा ताण, हरण्याची धास्ती व बेभरवशाचं इंटरनेट या तक्रारीही. आपल्याच अपत्याविषयी इतकं लिहिणारा प्राध्यापक विरळा.

घड्याळ आणि मुलांच्या मोबाइलवरचं इंटरनेट, दोन्ही टाळता येतात. बेंगळुरूत २०१५ मध्ये क्विझिझ या नावानं सुरू झालेल्या खेळात प्रत्येक मूल आपल्या गतीनं जातं. स्किनरला एवढं तरी आवडलं असतं. प्लिकर्स नावाच्या ॲपमध्ये मुलांच्या हाती मोबाइलच नसतो. छापील कार्ड ज्या बाजूनं वर धरलं तो पर्याय. बाई आपल्या एका फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात आणि सगळी मतं गोळा होतात. जिल्हा परिषदेच्या शाळेला हे परवडतं.

परवडत नाही तो वेळ. मॅझरसारखं थांबायचं, तर एका तासात तीनच प्रश्न होतात, फार तर चार. दहा प्रश्नांचा खेळ, शेवटी विजेत्यांचं व्यासपीठ आणि वर्गाचा गलका याचा व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर छान दिसतो. ०.४५ वरून दोन मुली हुज्जत घालतायत याचा व्हिडिओ कुणी पाठवत नाही, आणि पाठवलाच तर ‘पोर्शन कधी संपणार?’ ही पहिली प्रतिक्रिया येते.