रांगेतल्यांचे कोअर

क्लस्टरवर जॉब टाकताना स्क्रिप्टमध्ये एक आकडा लिहावा लागतो: किती कोअर हवेत. नोडवर 48 असतील तर बरेच जण सरळ 48 लिहितात. खिशातून पैसे जात नाहीत, आणि जास्त थ्रेड म्हणजे जास्त वेग असं आपण धरूनच चालतो.

यातली मेख जीन ॲमडाल यांनी 1967 मध्येच दाखवली होती. प्रोग्रॅमचा जो भाग वाटून देता येत नाही, तोच शेवटी वेगाला लगाम घालतो. समजा असा भाग 10 टक्के आहे. मग 16 कोअरवर वेग 6.4 पट होतो आणि 48 वर साधारण 8.4 पट. तिप्पट कोअर अडवून माझं काम जेमतेम 30 टक्के जोरात पळतं. तेच कोअर तिघांत वाटले असते तर प्रत्येकाला 6.4 पट वेग मिळाला असता. (हाही कागदावरचा हिशोब. प्रत्यक्षात मेमरीपाशी गर्दी होते आणि कधीकधी थ्रेड वाढवल्यावर काम चक्क मंदावतं.)

मग ते 32 जादा कोअर घेणं चूक आहे का? नियमात तर बसतं. स्लर्मने दिले, मी घेतले. लोकलमध्ये चौथा माणूस येऊन "जरा सरकून घ्या" म्हणतो, म्हणून आपण सरकतो. क्लस्टरच्या रांगेतला माणूस काही म्हणत नाही. त्याच्या स्क्रीनवर फक्त 'पेंडिंग' दिसतं.

याहून वाईट प्रकार म्हणजे 4 कोअर मागायचे आणि थ्रेडचा आकडा लिहायचाच नाही. अनेक लायब्रऱ्या मग दिसतील तितक्या कोअरवर थ्रेड सुरू करतात. सिस्टीमने कुंपण घातलं असेल तर 48 थ्रेड त्या 4 कोअरवर एकमेकांना ढकलत बसतात. नसेल तर शेजाऱ्याच्या कोअरवर चढतात. त्याचा जॉब वेळेची मर्यादा संपून मारला जातो आणि तो बिचारा स्वतःच्या कोडमध्ये बग शोधत राहतो.

"माझा तसा हेतू नव्हता" हे उत्तर मला इथे पुरत नाही. छोटा इनपुट घेऊन 4, 8, 16 थ्रेडवर वेळ मोजायला फार तर अर्धा तास लागतो.

अर्थात, काटकसर सगळीकडे शहाणपणाची नसते. पुण्याच्या आयआयटीएममध्ये 2018 साली आलेला 'प्रत्यूष' हवामानाची मॉडेल्स चालवण्यासाठी होता. वादळाचा अंदाज वादळ येऊन गेल्यावर मिळाला तर काय कामाचा? तिथे शेवटच्या 30 टक्क्यांसाठी तिप्पट कोअर खुशाल लावावेत. माझा रन सोमवारऐवजी मंगळवारी संपला तरी कुणाचं छप्पर उडत नाही. तिथे मी 16 लिहितो.