भिंतीचा रंग आणि मुलाची इच्छा

राजहट्ट, स्त्रीहट्ट आणि बालहट्ट अशी हट्टांची त्रयी आपल्याकडे सांगितली जाते. त्यांपैकी तिसऱ्या हट्टाशी गेल्या उन्हाळ्यात माझी गाठ पडली. जावयांची बदली झाल्याने कन्या सहकुटुंब आमच्याकडे राहावयास आली. पाच वर्षांची नात आणि तिचा दोन वर्षांचा भाऊ यांच्यासाठी मी माझी अभ्यासाची लहानशी खोली रिकामी करून दिली. आपल्यातील बहुसंख्य घरांत मुलांना वेगळी खोली ही चैनच. तेव्हा नातीने कृतज्ञ असावे, अशी माझी अपेक्षा होती. भिंतींना फिकट पिवळसर रंग, खाटेच्या वर वचनाचा तक्ता, खिडकीशी मेज, असा आराखडा मी मनात आखून ठेवला होता. नातीने दुकानातील शेडकार्डावर बोट ठेवले ते थेट गडद वांगी रंगावर. चारही भिंती तशाच हव्यात, खाट खिडकीखाली हवी आणि वचनाचा तक्ता दाराच्या मागे; "कारण तो मला वाचता येत नाही, आजोबा." मी समजावले, आमिष दाखवले, शेवटी आवाज चढवला. ती रडली नाही. शेडकार्ड छातीशी धरून उभी राहिली.

वाचकहो, प्रसंग क्षुल्लक आहे. परंतु त्यामागील प्रश्न क्षुल्लक नाही. मुलाची प्रबळ इच्छा ही मोडून काढण्याची वस्तू आहे की जपण्याची? शब्बाथशाळेत आपण मुलांना दानीएलाची गोष्ट सांगतो. राजाचे अन्न नाकारणाऱ्या त्या तरुणाच्या निश्चयाचे कौतुक करतो. तोच निश्चय घरच्या जेवणाच्या ताटावर दिसला की त्याला हट्ट म्हणतो. मोठ्यांचा तो निग्रह आणि लहानांचा तो हट्ट, एवढाच काय तो फरक?

या प्रश्नाला एक जुने व वजनदार उत्तर आहे. एकोणीस मुलांना जन्म देणाऱ्या सुझाना वेस्ली यांनी १७३२ साली आपला पुत्र जॉन यास लिहिलेल्या पत्रात आपली संगोपनाची रीत मांडली. मुलाची इच्छा लवकरात लवकर जिंकून घेणे हाच धर्मशिक्षणाचा पाया, कारण स्वेच्छा हेच पापाचे मूळ, असे त्यांचे प्रतिपादन. त्या साध्वीच्या भक्तीविषयी मला आदर आहे. आणि हे उत्तर मी केवळ वाचलेले नाही. ते मी आचरलेही आहे.

माझी कन्या सात वर्षांची असताना तिने आपल्या खाटेशेजारच्या भिंतीवर कोळशाने एक मोठे झाड काढले होते. मी तिच्याच हाती ओले फडके देऊन ते पुसून घेतले. तिने नकार दिला तेव्हा रात्रीचे जेवण थांबवले. दुसऱ्या दिवशी भिंत स्वच्छ झाली. त्यानंतर तिने कधी हट्ट केला नाही. मंडळीत लोक म्हणत, किती आज्ञाधारक मुलगी! मलाही धन्यता वाटे. आज ती एकतीस वर्षांची आहे, आणि पडद्याचे कापड घेतानाही माझ्या तोंडाकडे पाहते.

माझे आयुष्य शब्दांच्या शोधात गेले, म्हणून या प्रश्नाकडेही मी शब्दांच्या वाटेने जातो. कलस्सैकरांस लिहिताना पौल बापांना बजावतो की, मुलांना चिडीस आणू नका. आणि त्याचे कारण सांगताना जे ग्रीक क्रियापद योजतो, ते नव्या करारात अन्यत्र कोठेही आढळत नाही. आतली उमेद नाहीशी होणे, मन खचणे, असा त्याचा भाव आहे. म्हणजे पौलाला मुलांच्या बंडाचे भय वाटत नव्हते. त्यांच्या विझण्याचे वाटत होते. हा शब्द मी कितीदा तपासला असेल! त्याचा अर्थ माझ्याच घरात वावरत होता, तो मात्र मला दिसला नाही.

दुसरा शब्द नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायातील. मुलाला त्याच्या मार्गास अनुसरून वळण लावण्याविषयी तेथे जे इब्री क्रियापद आले आहे, ते जुन्या करारात अवघे पाच वेळा येते. उरलेल्या चारही ठिकाणी त्याचा विषय मूल नव्हे, तर घर आहे: अनुवादाच्या विसाव्या अध्यायात नव्या घराचे आणि शलमोनाच्या काळी मंदिराचे अर्पण. नवे घर वापरास काढणे, ते ज्यासाठी बांधले त्यासाठी वाहणे, असा त्या शब्दाचा गाभा. घर अर्पण करावयाचे तर कोणी ते आधी पाडत नाही.

मग मुलाची प्रत्येक इच्छा मान्य करावी काय? नाही. खोलीची जुनी भिंत घासण्याचे काम निघाले तेव्हा नातीला पॉलिश पेपर हवा होता. मी तिला खोलीबाहेर काढले. ती पुष्कळ रडली, तरी मी बधलो नाही. आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांतील शिशाला दहा लाख भागांत ९० भाग अशी मर्यादा आहे. त्याआधीच्या तेलरंगांच्या थरांत ते कितीतरी अधिक असू शकते, आणि घासताना उडणारी धूळ लहानग्यांच्या मेंदूला अपाय करते. येथे माझा नकार तिच्या जिवासाठी होता. दुसरा नकार तिच्या भावासाठी: खोली त्याचीही आहे, म्हणून चारही भिंती तिच्या नव्हेत. परंतु वांगी रंगाला माझा जो नकार होता, तो कोणासाठी होता? प्रामाणिकपणे पाहता तो केवळ माझ्या आवडीसाठी होता, आणि त्याला मी शिस्त हे नाव दिले होते. पालकाचा अधिकार देवाने दिलेला आहे खरा. पण आपला प्रत्येक हट्ट त्या अधिकाराच्या झग्यात लपवण्याची मुभा त्याने दिलेली नाही.

याहून खोल उत्तर गेथशेमाने बागेत आहे. तेथे प्रभूने आपली इच्छा पित्याच्या इच्छेच्या स्वाधीन केली. ख्रिस्ताला खरी मानवी इच्छा होती की नाही, यावर सातव्या शतकात मोठा वाद झाला. ती होती, असे ठासून सांगणाऱ्या मॅक्सिमस या वृद्ध संन्याशाला सम्राटाची आज्ञा न मानल्याबद्दल जीभ व उजवा हात गमवावा लागला. ६६२ साली तो हद्दपारीत वारला. पुढे ६८०–८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने त्याचाच विचार मान्य केला: प्रभूची मानवी इच्छा नष्ट झाली नाही, ती स्वतः होऊन पित्याच्या इच्छेमागे गेली. जे मोडून गेले ते अर्पण करता येत नाही. ज्याला कधी "नाही" म्हणू दिले नाही, त्याच्या "होय" ला देवापुढे तरी काय मोल?

अखेर एक भिंत वांगी झाली, तीन फिकट राहिल्या. खाट खिडकीखाली आली. पहिल्याच रात्री नात म्हणाली, "आजोबा, भिंत खूप काळी दिसते." 'मी सांगितले नव्हते का' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते, ते मी गिळले. आता काय करावे, ते तिचे तिने ठरवावयाचे आहे. अद्याप ठरलेले नाही.

पडद्यांचे कापड घेण्यास कन्येबरोबर गेलो. तिने नेहमीप्रमाणे विचारले, "पप्पा, कोणते घेऊ?" मी म्हटले, "तुला कोणते आवडते?" ती कितीतरी वेळ गठ्ठ्यांपुढे उभी राहिली. दुकानदार कंटाळला. आम्ही कापड न घेताच परतलो. खिडकी अजून उघडीच आहे. मी घाई करीत नाही. चोवीस वर्षांपूर्वी जे एका रात्रीत पुसले, ते पुन्हा उमटण्यास वेळ लागणारच. तेवढा धीर प्रभूने मला द्यावा, एवढीच प्रार्थना.