आवाज कोठून येतो?

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात आयुष्य काढलेल्या माणसाचे कान यंत्रांनीच घडवलेले असतात. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, त्यानंतर आकुर्डी, चिंचवड, भोसरी अशी एकेक शिवारे भोंग्यांच्या तालावर जागी होऊ लागली. 1982 साली येथे महानगरपालिका आली. पुढे कारखानदारी इंद्रायणी ओलांडून चाकणकडे सरकली. आकुर्डीच्या ज्या बजाज कारखान्यात स्कूटरींची एक पिढी घडली, तेथील वाहननिर्मिती 2007 साली थांबली. त्याआधीच, 1999 पासून, चाकणच्या नव्या कारखान्यात मोटारसायकली तयार होऊ लागल्या होत्या. अशा गावात राहून एखादा आवाज आम्हाला ओळखता आला नाही, हे सांगताना थोडा संकोच वाटतो. पण तो आवाज ओळखताना आमच्या हातून जी चूक घडली ती यंत्रापुरती नव्हती, म्हणून हे लिहीत आहोत.

आमच्या घरी एक जुनी, दीडशे सीसीची मोटारसायकल आहे. आम्ही कामावर होतो तोवर ती आम्ही चालवली. निवृत्त झाल्यावर ती मुलाच्या हाती गेली. तो चाकणला कंत्राटावर काम करतो, आणि दुसरी पाळी संपवून मोशीच्या पुलावरून अपरात्री घरी येतो. एके दिवशी इंजिनातून टकटक ऐकू येऊ लागली. एका गॅरेजमध्ये दाखवली. तेथील कारागिराने दोनदा ॲक्सिलरेटर पिळला आणि सांगितले, ‘कनेक्टिंग रॉड गेलाय. पोराने रेस केलेली दिसतेय.’

एवढे आम्हाला पुरेसे झाले. मुलगा अलीकडे घरी उशिरा येत होता, हेही आमच्या ध्यानात होते. दोन गोष्टी जोडल्या आणि निकाल दिला. ‘तुला दुसऱ्याच्या कष्टाच्या वस्तूची किंमत नाही,’ असे त्याच्या आईदेखत बोललो. तो ताटावरून उठला नाही, उलट बोललाही नाही. आठ दिवस तो बसने कामावर गेला.

मग एका स्नेह्याच्या सांगण्यावरून आम्ही गाडी भोसरीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे ढकलत नेली. ‘रॉड गेला आहे, इंजिन उघडा,’ असे आम्ही सांगताच ते म्हणाले, ‘काका, रॉड गेला हे तुम्ही सांगताय. गाडीला अजून कुठं विचारलंय?’

त्यांनी प्रथम थंड इंजिन सुरू केले. इंजिन तापल्यावर आवाज नाहीसा झाला असता तर पिस्टनवर संशय गेला असता, कारण तापलेला पिस्टन फुगतो आणि सिलिंडरमधली त्याची सैल बसणी भरून निघते. आवाज गेला नाही. क्लच दाबला, तरी आवाज तसाच, म्हणजे क्लचही सुटला. मग गाडीवर बसून चढावर वरच्या गिअरमध्ये ताण दिला. रॉडचे बेअरिंग झिजलेले असते तर ताणाखाली ठोका जड झाला असता. तो झाला नाही. मग लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या तळाशी टेकवून त्याची मूठ कानाला लावली. तेथे शांतता होती. टोक वर, हेडवर नेले तेव्हा त्यांचे डोळे हलले. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एकच फेरी होते, म्हणून हेडमधली टकटक इंजिनाच्या फेऱ्यांच्या निम्म्या लयीत येते. ही लयही जुळली.

ते पाहताना आम्हाला रने लाएनेक या फ्रेंच वैद्याची आठवण झाली. 1816 साली पॅरिसमध्ये त्याने कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावून हृदयाचे ठोके ऐकले, आणि त्यातून स्टेथोस्कोपचा जन्म झाला. सुरळी काय किंवा स्क्रू-ड्रायव्हर काय, दोन्ही ऐकणाऱ्याला दुखऱ्या जागेजवळ नेतात. ऐकण्यापूर्वी उत्तर ठरलेले असेल, तर मात्र कोणतेही साधन उपयोगाचे नाही.

हेडचे झाकण उघडले. व्हॉल्व्हची फट, जी मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजतात, ती कितीतरी वाढलेली होती. कॅम आणि रॉकर यांची घासणारी तोंडे झिजली होती. मिस्त्रींनी डिपस्टिक पुसून आत घातली, बाहेर काढली आणि न बोलता आमच्यापुढे धरली. ऑईल खालच्या खुणेच्याही खाली होते, काळेभोर.

आमची सारी नोकरी गुणवत्ता तपासणी विभागात गेली. ताइइची ओनो या टोयोटाच्या अभियंत्याने शिकवलेली ‘पाच वेळा का विचारा’ ही रीत आम्ही कित्येकांना फळ्यावर समजावून दिली आहे. त्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे: यंत्र थांबले, कारण फ्यूज उडाला, फ्यूज उडाला, कारण बेअरिंगला वंगण पुरले नाही, वंगण पुरले नाही, कारण पंप नीट ओढत नव्हता, पंपाचा दांडा झिजला होता, आणि दांडा झिजला, कारण गाळणी नसल्याने धातूचा कीस आत जात होता. फ्यूज बदलून जो थांबतो त्याचे यंत्र पुन्हा थांबते.

त्या बाकावर बसून आम्ही स्वतःलाच पाच प्रश्न विचारले. आवाज का? फट वाढली म्हणून. फट का वाढली? कॅम झिजला म्हणून. कॅम का झिजला? वंगण पोहोचले नाही म्हणून. वंगण का नाही? ऑईल जुने आणि अपुरे होते म्हणून. ते का बदलले नाही? येथे आमची जीभ अडखळली. ‘ऑईलचे मी बघतो, तू फक्त चालव,’ असे मुलाला बजावणारे आम्हीच होतो. गाडी चालते आहे म्हणजे ठीक आहे, असे आम्ही धरून चाललो होतो.

त्या रात्री आम्ही मुलाला प्रथमच विचारले, ‘तू उशिरा का येत होतास?’ तो म्हणाला, ‘पप्पा, आवाज सुरू झाल्यापासून मी तिशीच्या वर गाडी नेत नव्हतो. मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, नीट चालवत जा.’ ज्या उशिराला आम्ही त्याच्या गुन्ह्याचा पुरावा मानले, तो त्याच्या काळजीचा पुरावा होता.

येथे एक आक्षेप येईल. मनुष्याने निवाडा करूच नये काय? खरोखरच रॉड गेला असता आणि आम्ही विचार करीत बसलो असतो, तर इंजिन फुटले असते. आक्षेप खरा आहे. पण त्याचे उत्तर मिस्त्रींच्या वागण्यातच होते. गाडी चालू स्थितीत आणू नका, ढकलत आणा, असा त्यांचा निरोप होता. धोका थांबवण्यासाठी कोणालाही दोषी ठरवावे लागत नाही. सावधगिरी तत्काळ हवी, दोषारोपाला मात्र थांबता येते. या दोन कृती भिन्न आहेत, आणि रागाच्या भरात आपण पहिलीच्या नावाखाली दुसरी उरकून घेतो. आठव्या आज्ञेचा अर्थ सांगताना 1992 सालच्या धर्मशिक्षण ग्रंथाने पुरेशा आधारावाचून शेजाऱ्याचा दोष खरा मानणे हेही त्या आज्ञेविरुद्धचे पाप म्हटले आहे. त्या ‘शेजाऱ्यात’ आपल्याच घरातले माणूस येते, हे आमच्या कधी मनात आले नव्हते.

यंत्र आणि माणूस यांत आणखी एक भेद आहे. यंत्राला बोलता येत नाही, म्हणून त्याला कान लावावा लागतो. माणसाला बोलता येते, आणि तरीही आपण त्याला न विचारता त्याच्याविषयी दुसऱ्याचे ऐकतो. तो पहिला कारागीर लबाड होता, असेही आता आम्ही म्हणणार नाही. कदाचित तो घाईत असेल. त्याचे म्हणणे तपासण्याचे काम आमचे होते.

कॅम आणि रॉकर नवे बसवले. फट बसवताना आम्ही सहज म्हटले, ‘अगदी घट्ट करा, म्हणजे आवाजच नको.’ मिस्त्री हसले. ‘काका, फट ठेवलीच नाही तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, आणि जळून जातो. थोडी टिकटिक राहू द्या.’

मुलाची आम्ही त्याच्या आईदेखतच क्षमा मागितली. ‘असू द्या पप्पा,’ एवढेच तो म्हणाला. कॅम बदलता येतो, ताटावर बोललेला शब्द बदलता येत नाही. तो अजून त्याच्या मनात कोठे टोचत असेल, तर ते आम्हाला दिसणार नाही, विचारावे लागेल. ऑईल बदलण्याची तारीख मात्र आता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिलेली असते. अक्षर त्याचे असते आणि ऑईल आम्ही दोघे मिळून बदलतो.