फाशीच्या घाईत हरवलेला तपास

लहान मुलांचे खून उघडकीस आले की आपल्याकडे पहिली मागणी फाशीची होते, दुसरी फास्ट ट्रॅक कोर्टाची. तपास नीट करा म्हणून मोर्चा निघत नाही. निठारीच्या आईबापांनी याची किंमत मोजली आहे.

नोएडाच्या सेक्टर ३१ ला लागून असलेल्या या गावात घरकाम आणि मोलमजुरी करणाऱ्या परप्रांतीय कुटुंबांची दाटी. २००५ च्या सुमारास तिथली मुले नाहीशी होऊ लागली. आईबाप तक्रार घेऊन गेले की, पळून गेलं असेल, येईल परत, असे सांगून त्यांची बोळवण होई. २९ डिसेंबर २००६ रोजी एका बंगल्यामागच्या नाल्यातून कवट्या, हाडे आणि लहान मापाचे कपडे निघू लागले, तेव्हा कुठे यंत्रणा हलली. बंगल्याचा मालक आणि त्याचा घरगडी यांना अटक झाली. जानेवारी २००७ मध्ये तपास सीबीआयकडे गेला.

पुढचा सारा डोलारा घरगड्याच्या कबुलीजबाबावर उभा राहिला. सुमारे साठ दिवस तो कोठडीत होता. त्यानंतर मॅजिस्ट्रेटसमोर त्याचा जबाब झाला. या काळात धड वैद्यकीय तपासणी नाही, वकिलाची पुरेशी मदत नाही. तरीही खटल्यामागून खटल्यात त्याला फाशी झाली. सप्टेंबर २०१४ मध्ये मेरठच्या तुरुंगात फाशीची तयारी झालेली असताना सर्वोच्च न्यायालयाने मध्यरात्रीनंतर तिला स्थगिती दिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्याला बारा खटल्यांत निर्दोष सोडले, मालकालाही सोडले. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेवटची शिक्षाही रद्द केली. ज्या पुराव्यावर माणूस फासापर्यंत पोचला होता, तो पुरावा टिकलाच नाही.

का टिकला नाही? कोठडीतल्या आरोपीचे पोलिसांपुढचे बोलणे कोर्टात चालत नाही. त्याने दाखवलेल्या जागेतून नवे काही हाती लागले, तर तेवढाच भाग चालतो; तेव्हाच्या पुरावा कायद्यात हे कलम २७ होते. म्हणून निवेदन आधी लिहायचे, पंचांसमोर लिहायचे, मग जागेवर जायचे, हा क्रम पाळावा लागतो. निठारीत नाल्यात हाडे आहेत हे गर्दीला आधीच ठाऊक होते, आणि खोदकामही सुरू झालेले होते. मग आरोपीने दाखवले ते काय? एका पंचनाम्याचा क्रम चुकला की वर्षांनुवर्षांचा खटला कोसळतो, तो असा. लोकांच्या विश्वासाचा घात झाला, असे उच्च न्यायालयाने तपास यंत्रणांना सुनावले. अवयव तस्करीच्या शक्यतेचा नीट तपास झाला नाही, यावरही बोट ठेवले.

आपल्या कोल्हापूरचा गावित खटला शेजारी ठेवून पाहा. १९९० ते १९९६ या काळात मुले पळवून त्यांना चोऱ्यांसाठी वापरणाऱ्या, पुढे मारून टाकणाऱ्या या टोळीविरुद्ध माफीचा साक्षीदार उभा राहिला, आणि त्याच्या साक्षीला इतर पुराव्यांचा आधार मिळाला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही दोष कायम राहिला. दयेचे अर्ज सरकारी फायलींत कुजले, म्हणून २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने टोळीतल्या दोघी गावित बहिणींची फाशी जन्मठेपेवर आणली. लोकांना ते रुचले नाही. पण मुलांना कुणी मारले, याचे उत्तर तरी मिळाले. निठारीच्या आईबापांना तेही मिळालेले नाही.

फाशीने तपासाची भरपाई होत नाही. निठारीचा तपास नाल्यापाशी बिघडला, त्याआधी तो ठाण्याच्या टेबलापाशी बिघडला होता. पहिल्याच मुलाची तक्रार मनावर घेतली असती, तर पुढची काही वाचली असती. मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बजावले. तरीही गरिबाला ठाण्यात आजही हेलपाटे पडतात. तेव्हा तुमच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईचे मूल उद्या दिसेनासे झाले, तर तिला एकटीला पाठवू नका. सोबत जा, आणि एफआयआरची प्रत हातात पडल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरू नका. ती फुकट मिळते, आणि तो तक्रारदाराचा हक्क आहे.